उसन्या चोची

१७ फेब्रुवारी

वारा ईशान्येचा, बोचरा. समुद्र खवळलेला. बंदरातून कुणीच बाहेर पडलं नाही.

बाबा रोज आधी वारा लिहायचे, मग बाकीचं. बोट त्यांच्याकडून माझ्याकडे आली तशी ही खोडही आली.

आज गावच्या हॉलमध्ये क्लेमचं व्याख्यान झालं. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी माणसं बाकावर बसलेली दिसली की माझ्या नवऱ्याच्या अंगात मास्तर संचारतो. विषय होता 'उसन्या चोची'. म्हणजे जे पक्षी नाहीत, पण ज्यांची नावं पक्ष्यांच्या चोचींवरून पडली आहेत असे प्राणी. पडद्यावर एकेक चित्र आलं. ससाण्याच्या चोचीचं कासव. पोपटमासा. बदकाच्या चोचीचा प्लॅटिपस. हंसाच्या चोचीचा देवमासा, तो म्हणे तास-तास पाण्याखाली राहतो.

क्लेम म्हणाला, "आपली माणसं महा आळशी. नवा प्राणी दिसला तर नवं नाव शोधायचे कष्ट कोण घेणार? घरामागच्या तळ्यातल्या बदकाची चोच काढायची आणि त्याच्या तोंडाला चिकटवायची. झालं बारसं."

माझी थोरली बहीण ऑलिव्ह पहिल्या रांगेत बसली होती. ती गप्प बसली तर तिचं जेवण पचत नाही. म्हणाली, "मग थेल्माचं नाव कशावरून ठेवशील, क्लेम?"

"तिला चोच नाही. जीभ आहे," क्लेम म्हणाला आणि सगळा हॉल हसला. म्हटलं, चल घरी, दाखवते.

नंतर चहाच्या वेळी तो ऑलिव्हला म्हणाला, "ती साखरेची... साखरेची चोच दे जरा." तिने चिमटा उचलला आणि त्याच्या नाकाला टोच मारली. पुन्हा हशा. क्लेमचे कान लाल झाले. कौतुक झालं की त्याचे कान नेहमी लाल होतात.

९ मार्च

वारा पश्चिमेचा, मंद. ऊन.

बोट किनाऱ्यावर ओढून घेतली आहे, तळ खरवडायचं काम चालू आहे. क्लेम खाली पाठीवर पडलेला, मी वर. खालून आवाज येतो, "ते दे गं."

"कुठलं?"

"ते, चपटं. पसरट तोंडाचं."

"खरवडणी म्हणायला जीभ झिजते का तुझी?"

थोड्या वेळाने बाहेर आला, हात पुसले आणि उलट्या बादलीवर बसून म्हणाला, "यंदा फेऱ्यांमध्ये माईकवरचं बोलणं बदलायचं म्हणतोय. फक्त चोची. पक्षी दिसला की आधी चोच दाखवायची. नाव चोचीवरूनच निघालं तर सांगायचं, नाहीतर राहिलं. लोकांच्या लक्षात राहत नाहीत ती पुस्तकी नावं."

"लोकांच्या, की तुझ्या?"

मी आपलं सवयीने बोलले. तो हसला. पण कल्पना नामी आहे. बेटावर पक्षी दाखवायला बंदरातून सगळ्याच बोटी जातात आणि सगळे तेच ते सांगतात. ऑलिव्हला सांगितलं, तिकिटाच्या खोपटावर नवी पाटी रंगव, 'चोचींची सफर'. तिने पाटीवर रंगीत चोचीचा पफिन पक्षी काढला आहे, तो आमच्या धर्मगुरूसारखा दिसतो.

ईस्टरचा शनिवार

वारा आग्नेयेचा, हलका. लाट जवळजवळ नाही.

हंगामाची पहिली फेरी, बोट गच्च भरलेली. मी सुकाणूवर, क्लेम शेजारी माईक घेऊन. आज असा बोलला की मीच ऐकत राहिले आणि बंदराच्या तोंडाशी वळण घ्यायला उशीर केला.

पफिन आले. आमच्याकडे त्यांना टॉमी नॉडी म्हणतात, पण क्लेमने आज ते नाव घेतलं नाही, 'पफिन'ही म्हणाला नाही. म्हणाला, "समुद्री पोपट. ही रंगीत चोच लग्नसराईपुरती. हंगाम संपला की वरचं पांघरूण गळून पडतं. तुम्हीही लग्नातला कोट रोज घालत नाही." मग रेझरबिल. "न्हाव्याचा वस्तरा उघडा आणि त्यावर खडूने एक रेघ मारा." सगळे दुर्बिणी लावून ती रेघ शोधायला लागले. मग कड्यावरच्या त्या पांढऱ्या पाखरांकडे वळून म्हणाला, "हिच्या चोचीत सांगण्यासारखं काही नाही, म्हणून ही आपलं नाव स्वतःच सांगते. ऐका." मी इंजिन बंद केलं. सगळा कडा ओरडत होता, किटिवेक, किटिवेक. एका म्हाताऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

उतरताना लोक त्याचा हात हातात घेऊन जात होते. ऑलिव्ह म्हणाली, "तुझा नवरा यंदा पेटलाय." मला फार अभिमान वाटला. तसं त्याला सांगितलं नाही, डोक्यावर बसेल.

२२ एप्रिल

धुकं. फेरी नाही.

क्लेम सकाळपासून वरच्या खोलीत आहे. चहा द्यायला गेले तर पक्ष्यांचं पुस्तक उघडून बसलेला. चित्राखालच्या नावांवर तळहात ठेवायचा, चित्राकडे बघायचं, मग हात उचलून नाव वाचायचं. मला बघून पुस्तक मिटलं. म्हटलं, "जन्मभर शिकवलंस तेच आता घोकतोस?" म्हणाला, "जरा उजळणी."

या वयातही एवढी निष्ठा. मी इंजिनाचं पुस्तक एकदा वाचलं ते वाचलं.

१६ मे

वारा नैर्ऋत्येचा, दुपारी वाढला.

आज दुपारच्या फेरीत एक गृहस्थ होते, गळ्यात तोफेएवढी दुर्बीण. आयडर बदकं पोहत होती. पिल्लं असलेली मादी बोटीच्या अगदी जवळ. त्यांनी मुद्दाम विचारलं, "हे कोणतं बदक म्हणायचं?"

क्लेम म्हणाला, "कपाळ बघा. कपाळापासून चोचीच्या टोकापर्यंत एकच उतार. मध्ये खाच नाही, काही नाही. पाचर मारल्यासारखी."

"ते दिसतंय. नाव काय?"

"नावात काय ठेवलंय. चोच बघा."

लोक हसले, गृहस्थ हसले नाहीत. परत आल्यावर त्यांनी ऑलिव्हकडे तक्रार केली की तुमच्या माणसाला आयडर ओळखता येत नाही. आयडर, आणि आमच्या किनाऱ्यावर. इथे शेंबड्या पोरालाही येतं ते. आम्ही त्याला 'कडी'चं बदक म्हणतो, कडी हे आमच्या संताचं लाडकं नाव.

संध्याकाळी ऑलिव्हने खोपटाचं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "थेल्मा, क्लेमला डॉक्टरकडे ने."

"का? एका दीडशहाण्याला त्याने फटकारलं म्हणून?"

"अगं, काल तो मला 'ती तिकीटवाली' म्हणाला."

"मग आहेसच की तिकीटवाली."

"बत्तीस वर्षांपासून मेहुणा आहे तो माझा," ती म्हणाली.

मी तिला नको ते बोलले. ते इथे लिहीत नाही. नवरा म्हातारा होत चाललाय, कधीमधी अडखळतो. मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते, मला कुणी डॉक्टरकडे नेत नाही.

१७ मे

वारा तोच. ऑलिव्हशी बोलले नाही. ती तिकिटं खिडकीतून माझ्याकडे न बघता देते.

४ जून

वारा उत्तरेचा. धक्क्यापाशी लाट उलटी फिरत होती.

आज ते झालं. जसं झालं तसं लिहिते.

बेटाच्या धक्क्याला बोट लावताना मला पुढचं दिसत नाही. केबिन मागे, बोटीचं नाक उंच. बाबांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही की धक्क्यावर कानाने चालवायचं. सुकाणूवरच्याने मागच्या खडकांवर नजर ठेवायची, आणि पुढे उभा असलेला जे ओरडेल ते निमूट करायचं. पुढे, मागे, धर, सोड. एवढे चारच शब्द. वर मान करून खात्री करायला गेलात तर तेवढ्यात मागची बाजू खडकावर जाते. आमच्या बंदरातली सगळी माणसं अशीच लावतात. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून क्लेम माझ्यासाठी पुढे उभा राहतो आहे.

आज लाट आली आणि क्लेम ओरडला, "पुढे." मी इंजिन पुढे टाकलं. तो पुन्हा ओरडला, "पुढे, पुढे." मी आणखी जोर दिला.

बोट धक्क्यावर आदळली. पुढची फळी चिरली. एक बाई दोन बाकांच्या मध्ये पडल्या, त्यांच्या कोपराला खरचटलं. बाकी कुणाला काही नाही. मी मान वर केली तर क्लेम दोन्ही हातांनी हवा मागे ढकलत होता. हात 'मागे' म्हणत होते, आणि तोंडातून अजून 'पुढे'च निघत होतं. त्याला ते ऐकू येत होतं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

बाईंना चहा दिला, माफी मागितली. त्या चांगल्या होत्या, "समुद्र आहे, चालायचंच," म्हणाल्या. परतीच्या वाटेवर क्लेमने माईक हातात घेतला नाही. मी त्याच्याकडे न बघता बोट चालवली. रागाने नाही. भीतीने.

५ जून

वारा उत्तरेचा. बोट दुरुस्तीला. फेरी नाही.

नाश्त्याला धुरी दिलेले हेरिंग मासे केले होते, दोघांनीही खाल्ले नाहीत. त्यानेच सुरुवात केली.

"मागच्या सप्टेंबरपासून," तो म्हणाला. "बागेत एक पक्षी आला. लाल छातीचा. रोज येतो तो. त्याचं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही."

"रॉबिन," मी म्हणाले.

"आता तू सांगितलंस की येतं. मग परत जातं." त्याने काटा उचलला, बघितला, खाली ठेवला. "सगळं ओळखतो गं मी. काय आहे, कुठे घरटं करतं, अंडं कुठल्या रंगाचं. नुसतं नाव नाही. पण काहींचं नाव चोचीवरच असतं. वस्तरा दिसला की रेझरबिल म्हणता येतं. पोपट दिसला की समुद्री पोपट. ते आठवावं लागत नाही, दिसतं. म्हटलं, तेवढ्यावर हंगाम काढू."

मी तो साखरेचा चिमटा हसण्यावारी नेला होता. खरवडणीवरून टोमणा मारला होता. पुस्तकावर हात ठेवून बसलेला पाहिला आणि निष्ठा म्हणाले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मला बोटीवरून उतरवलं असतंस."

"उतरवलंच असतं."

"म्हणून नाही सांगितलं," तो म्हणाला.

मग मी ओरडले. कप आपटला. म्हणाले, सगळा हिवाळा एकटा हे घेऊन बसलास, मी काय शेजारीण आहे का तुझी? तो ऐकून घेत राहिला. माझं ओरडून झाल्यावर म्हणाला, "जीभ आहे, म्हणालो होतो ना." मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच.

दुपारी ऑलिव्हकडे गेले. तिने स्टॉटी पाव कापला, लोणी लावलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

१९ जून

वारा पाहिला नाही. न्यूकॅसलला होतो.

मोठं इस्पितळ, डोक्याची छायाचित्रं वगैरे झाली. डॉक्टरबाई तरुण होत्या, क्लेमशी बोलत होत्या, माझ्याशी नाही, हे मला आवडलं. त्यांनी एकेक चित्र दाखवलं. शिडीचं नाव आलं नाही. कात्रीचं आलं. उंटाला तो म्हणाला, "पाठीवर टेकडी." गेंड्याला म्हणाला, "नाकावर शिंग."

डॉक्टरबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"चूक का?" क्लेम म्हणाला. "ज्याने नाव ठेवलं त्यानेही पहिल्यांदा एवढंच पाहिलं असणार."

त्या मनापासून हसल्या. मग समजावून सांगितलं. हा एक हळू चालणारा आजार आहे. आधी नावं जातात, मग इतर शब्द. थांबवता येत नाही. समज बरीच वर्षं शाबूत राहू शकते. बोटीवर दोर धरायचं आणि हाका द्यायचं काम बंद. पाहुण्यासारखं बसायला हरकत नाही.

"आणि बोलायचं?" क्लेमने विचारलं. "माईकवर?"

"जोवर तुम्हाला आनंद वाटतो तोवर," त्या म्हणाल्या.

परतताना गाडीत मी विचार करत होते, आनंद संपला हे ठरवणार कोण? तो कबूल करणार नाही. मग ते मलाच सांगावं लागणार. फळी बदलणं सोपं होतं.

२८ जून

वारा पश्चिमेचा, मंद.

पुढे आता नेव्हिल उभा राहतो. जन्मभर मासेमारी केलेला माणूस, आवाज भोंग्यासारखा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "क्लेम, मला पक्ष्यांचं विचारू नकोस, मी त्यांना फक्त शिव्या देतो." क्लेम शेजारी माईक घेऊन. सकाळची फेरी झकास झाली. बेटावर कुररी पक्ष्यांनी लोकांच्या डोक्यावर टोचा मारल्या. क्लेम म्हणाला, "ही चोच बघायची नसते, सोसायची असते. टोप्या घाला."

दुपारच्या फेरीत थांबला. कड्यासमोर, वाक्याच्या मध्येच. काहीतरी दाखवत होता आणि शब्द नव्हता. लोक वाट बघत होते. मी इंजिनाचा आवाज वाढवला. लोकांना वाटावं, त्यामुळे ऐकू येत नाहीये.

घरी आल्यावर तो म्हणाला, "ते इंजिन. असं करू नकोस."

"काय केलं मी?"

"थेल्मा," तो म्हणाला. एवढंच. मी मान खाली घातली.

३ जुलै

पाऊस. दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीत तीनदा अडला. एक बाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "प्यायलाय वाटतं." मी ऐकलं. क्लेमने ऐकलं की नाही, माहीत नाही.

ऑलिव्ह म्हणते, सांग त्याला. नेव्हिल फक्त माझ्याकडे बघतो. रोज सकाळी ठरवते की आज सांगायचं. तो गळपट्टा बांधून दारात उभा असतो, मला म्हणतो, "चल कप्तानबाई," आणि मी निघते.

८ जुलै

वारा नाही. समुद्र तेल ओतल्यासारखा.

सकाळची फेरी. बोट भरलेली. समुद्री पोपट झाले, वस्तरे झाले. किटिवेकने आपलं नाव सांगितलं. मग आम्ही बेटाच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे खडकावर दोन मोठे काळे पक्षी पंख पसरून वाळवत बसले होते. क्लेमने माईक तोंडाशी नेला. थांबला.

माझा हात इंजिनाच्या दांड्यावर गेला. तो माझ्या हाताकडे बघत होता. मी हात काढून घेतला.

मी वाट पाहिली. सगळेच वाट बघत होते. मग क्लेम वळला आणि माईक माझ्या हातात दिला.

बत्तीस वर्षांत मी त्या माईकला पुसण्यापलीकडे हात लावलेला नाही. म्हणाले, "अरे, मला काय येतंय."

"तू बोल," तो म्हणाला. "मी दाखवतो."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही फारसं नव्हतं. ओझं खाली ठेवलेला माणूस दिसतो तसा दिसत होता. जे मला सांगायचं होतं ते त्यानेच सांगून टाकलं होतं, आणि मला फार वाईट वाटलं आणि फार सुटल्यासारखंही वाटलं.

मी माईक तोंडाशी धरला. माझाच आवाज भोंग्यातून ऐकून दचकले. म्हणाले, "नमस्कार. मी बोट चालवते. ते समोर बसलेत ते कॉर्मोरंट."

क्लेमने माझ्या बाहीला हात लावला. मान हलवली, नाही. मग दोन बोटं नाकासमोर धरली आणि लांब, बारीक चोच ओढून दाखवली. मी म्हणाले, "काय?" त्याने पुन्हा दाखवलं, आणखी बारीक. मग कपाळावर बोट उभं केलं, पुढे वळलेला तुरा.

आमच्या घरी तर या काळ्या पक्ष्यांच्या दोन्ही जातींना 'ते काळे चोर' म्हणायचे. पण त्याने इतक्या वेळा सांगितलं होतं, लोकांना, माझ्या शेजारी उभं राहून. बारीक चोच, कपाळावर तुरा.

"शॅग," मी म्हणाले.

त्याने हवेत बरोबरची खूण केली, वहीत करायचा तशी.

मी माईकवर म्हणाले, "माझी चूक झाली. हे कॉर्मोरंट नाहीत, शॅग आहेत. चोच बारीक आहे, बघा. माझ्या नवऱ्याला विचारल्याशिवाय मी नाव सांगायला नको होतं."

सगळी बोट त्याच्याकडे बघायला लागली. कुणाला वाटलं असेल की आमचं हे बसवलेलं नाटक आहे, कारण दोघे-तिघे हसले. क्लेम ताठ उभा राहिला. शाळेच्या दारात उभा राहायचा तसा. मग त्याने कड्याच्या वरच्या कपारीकडे हात केला. तिथे एक करडा पक्षी बसला होता.

तो कुठला, मला माहीत नव्हतं. मी इंजिन बंद केलं आणि त्याच्या हाताकडे बघत राहिले.